काळजीवाहू सर्वशक्तिमान

काळजी करण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी अगदी छातीठोकपणे सांगतो!

इतर लोक काळजी करतात म्हणजे काय करतात? दोन सुस्कारे सोडतात, कपाळाला हात लावतात आणि जेवून गाढ झोपतात. ही काय काळजी झाली? माझ्या काळजीला शिस्त असते, क्रम असतो. आधी बारीकसारीक काळज्या, मग मध्यम, मग मोठ्या. आणि सगळ्यात मोठी जी असते, तिच्याकडे मी बघतसुद्धा नाही. ती मी शेवटाला ठेवतो. जेवताना मिरची ताटाच्या कडेला सारून ठेवावी, तशी.

घरात मला 'धसका' म्हणतात. हे नाव बाबांनी ठेवलं. बाबा म्हणजे माझ्या अगदी उलट! जन्मभर जहाजावर आचारी होते. बाहेर डोंगराएवढ्या लाटा, आणि हे आत एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने कांदा परततायत, असा माणूस. बायकोही तसलीच. ती ड्रायव्हिंग शिकवते. ज्यांना ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे कळत नाही, अशा लोकांच्या शेजारी ती रोज दिवसभर बसते आणि संध्याकाळी शीळ घालत घरी येते! तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्या ब्रेकच्या जोरावर ती सगळ्या जगाकडे शांतपणे बघते. तेव्हा सगळ्यांच्या वाटची काळजी माझ्या एकट्यावर पडते. करतो काय!

तर त्या वेळी बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन उद्यावर आलेलं. डॉक्टर म्हणाले होते, "काळजीचं काही कारण नाही." डॉक्टरांना कोण सांगणार, की मला कारण लागत नाही!

मी एका संशोधन संस्थेत स्टोअरकीपर आहे. म्हणजे शास्त्रज्ञांना बल्ब, वायरी, हातमोजे वगैरे देणं आणि दिलेलं परत येत नाही म्हणून झुरणं, हे माझं काम. त्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर फ्यूज पोचवायला गेलो. तिथे टोपीवाल्या मॅडम बसतात. टोपीवाल्या अशासाठी, की त्यांनी एक टोपी बनवली होती. टोपी कसली, वायरींचं घरटंच ते! ती घालून माणसाने एखादी गोष्ट नेटाने मनात आणली, की ती प्रत्यक्षात घडली पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत. आजवर बऱ्याच जणांनी घालून पाहिली होती. त्यांच्या मनात काय काय आलं देव जाणे, पण घडलं काहीच नव्हतं.

"बरे आलात!" मॅडम म्हणाल्या. "आज ठरलेला माणूस आलाच नाही. बसा या खुर्चीत."

"मॅडम, माझ्या वडिलांचं उद्या..."

"दोनच मिनिटं! समोर तो कागदी पेला आहे ना, तो हलतोय असं मनात आणा. बास."

माझ्या डोक्यावर टोपी बसली. समोरच्या यंत्राचे दिवे लुकलुकायला लागले. मी पेल्याकडे बघितलं. पेला पाण्याने भरलेला होता आणि यंत्राच्या अगदी कडेला ठेवला होता! आता मला सांगा, विजेच्या यंत्राशेजारी पाणी कोण ठेवतं? शिकलेल्या माणसांना एवढंही कळू नये? आणि कलंडला तर?

पेला कलंडला.

असा धूर, अशा ठिणग्या, की बोलायची सोय नाही! यंत्र एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि गार झालं. आणि माझ्या डोक्यात, अगदी आतल्या बाजूला, कुणीतरी कडी लावावी तसा 'खट्' असा आवाज आला.

"तुम्ही धक्का लावलात?" मॅडम किंचाळल्या.

"नाही हो मॅडम! मी फक्त काळजी केली!"

"टोपी काढा आणि जा!"

मी टोपी काढली आणि पळालो. पण डोक्यात जे शिरलं होतं, ते काही टोपीबरोबर निघालं नाही.

बसमध्ये बसलो आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. बस बंद पडली तर? पडली! दुसरी बस पकडली. उद्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सर्दी झाली तर? ऑपरेशनच्या वेळी इस्पितळातली वीज गेली तर? यापुढची काळजी करणार, तेवढ्यात माझा स्टॉप आला. लिफ्टमध्ये शिरताना नेहमीप्रमाणे वाटलं, अडकली तर? अडकली! बराच वेळ आत उभा राहिलो. दार एकदाचं उघडल्यावर खिसा चाचपला आणि वाटलं, किल्ली हरवली असेल तर? हरवली! मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या बाबतीत जग असंच वागतं, अशी माझी पहिल्यापासून समजूत आहे.

बायकोने दार उघडलं. मी आत शिरता शिरता एकेक अडचण सांगत सुटलो. बस, लिफ्ट, किल्ली, मॅडम, टोपी. ती हसायला लागली.

"धन्य आहे तुमची! उद्या म्हणाल, आपल्या बाथरूममध्ये पाणघोडा शिरला तर!"

मीही हसलो. पण नुसते ओठ हसले हो! आत मन म्हणत होतं, शिरला तर? आपला तिसरा मजला. स्लॅब पेलेल का?

बाथरूममधून मोठा धप्प असा आवाज आला. पाठोपाठ काचा फुटल्या. मग कुणीतरी फुर्रर्र करून श्वास सोडला.

बायकोने बाथरूमचं दार उघडलं. आत पाहिलं. अगदी हळूच दार लावून घेतलं.

"अहो."

"काय?"

"शिरलाय."

मी फटीतून बघितलं. बेसिन खाली पडलेलं आणि त्या सबंध बाथरूममध्ये पाणघोडाच पाणघोडा! डबीत गुलाबजाम कोंबावा तसा. त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. तोंड कसलं, गॅरेज ते!

मी डोळे घट्ट मिटले आणि जीव तोडून म्हणालो, "जा! जा! नाहीसा हो! मला पाणघोडा नकोय!"

पाणघोड्याने शांतपणे माझा टूथब्रश खाल्ला.

बायको खुर्चीत बसली. नवशिक्या माणूस भर चौकात गाडी बंद पाडतो तेव्हा तिचा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता. म्हणजे एकदम शांत! "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "टोपी घातल्यापासून काय काय झालं, सगळं सांगा." मी सांगितलं. तिने ऐकलं आणि हळूहळू मान डोलवली.

"तुमच्या लक्षात येतंय का? तुम्ही सर्वशक्तिमान झाला आहात!"

"मी?"

"हो. जगातली वाट्टेल ती गोष्ट तुम्ही घडवू शकता. फक्त ती तुम्हाला हवी असून चालत नाही. तिची धास्ती वाटावी लागते!"

"मग आता याला घालवायचं कसं?"

तिने एक क्षण विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, हे जनावर कुणाचं तरी असणार. प्राणिसंग्रहालयाचं असेल. ते लोक शोधत येतील. आणि नेमका तेव्हा हा आपल्या घरातून नाहीसा झालेला असला तर? काय उत्तर द्यायचं आपण? लोक म्हणतील, एवढा पाणघोडा यांनी केला काय?"

खरंच की! सांभाळायला दिलेलं जनावर, आणि आपल्याकडून गहाळ...

बाथरूम रिकामं झालं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती जरा फुगली. सर्वशक्तिमान! मी! ज्याला ऑफिसात कात्रीसुद्धा परत मिळत नाही, तो!

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातून होता. "उद्याच्या ऑपरेशनबद्दल कळवायचं होतं. आमच्या डॉक्टरांना अचानक जोरात सर्दी झालीय. पण घाबरू नका, त्यांच्याऐवजी मोठ्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन करतील."

फुगलेली छाती फुग्यासारखी खाली बसली. सर्दी! बसमध्ये मीच आणली होती! म्हणजे मी बाबांच्या ऑपरेशनची जी जी काळजी करीन, ती ती... ताटाच्या कडेची ती मिरची माझ्याकडे सरकायला लागली.

"थांबा!" बायको ओरडली. "तिकडे वळायचं नाही! माझ्याकडे बघा. मनात पाढे म्हणा!"

मी पाढे म्हणू लागलो. ती येरझाऱ्या घालत विचार करत होती. मग एकदम म्हणाली, "सोपं आहे! पाणघोड्यासारखं उलटं करायचं. बाबा ठणठणीत बरे झाले तर, याची काळजी करा!"

मी मनापासून प्रयत्न केला. बाबा बरे झाले तर... तर बाबा बरे होतील! पुन्हा स्वयंपाकघरात शिरतील, मला भाजी चिरता येत नाही म्हणून ओरडतील, जहाजाच्या त्याच त्या गोष्टी सांगतील... मला इतकं बरं वाटायला लागलं, की डोळ्यांत पाणी आलं.

"जमत नाही गं," मी म्हणालो. "यात काळजी करण्यासारखं काही सापडतच नाही."

तिने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. मग सर्दीपडशाची एक गोळी दिली. त्या गोळीने मी ओंडक्यासारखा झोपतो. "उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. "उद्या माझा पाय ब्रेकवर असेल."

सकाळी आम्ही इस्पितळात पोचलो. बाबांना चाकांच्या खाटेवरून ऑपरेशनला नेत होते, तेवढ्यात सगळे दिवे गेले! ही बसमध्ये केलेली ऑपरेशनची दुसरी काळजी. पण लगेच जनरेटर सुरू झाला. जनरेटरची काळजी करण्याआधी माझा स्टॉप आला होता, म्हणून वाचलो.

बाबा हिरव्या कपड्यांत पडले होते. एवढा दांडगा माणूस, पण त्या खाटेवर अगदी लहान दिसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर भिंतीवर नेली. सात सत्ते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न...

"धसक्या," बाबा म्हणाले, "असा काय उभा आहेस? बोल की काहीतरी."

मी सगळे दात दाखवून हसलो.

"सूनबाई, हा हसतोय?"

"हो बाबा."

"माझ्या ऑपरेशनला?"

"धीर देतोय तुम्हाला!"

ताजी मासळी निवडताना बाबा जसे बघतात, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "हं," एवढंच म्हणाले. खाट आत गेली, दार बंद झालं आणि दारावरचा लाल दिवा लागला.

बाहेर एक लांब बाक होता. त्यावर मी टोकाला बसलो आणि बायको माझ्याकडे तोंड करून बसली, शिकाऊ माणसाकडे बसते तशी.

लाल दिव्याकडे बघू नये, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणून जास्तच बघितलं. त्या दाराआड या क्षणी बाबांचं...

"अहो! घरातला नळ बंद केला का?"

"अं? नळ?"

"बेसिन फुटलंय ना? त्याचा नळ! नीट बंद झाला होता का?"

माझ्या डोळ्यांसमोर नळ आला. मी तो बंद केला होता. पण घट्ट केला होता का? आणि सुटला असला तर?

फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, तुमच्याकडून धबधबा कोसळतोय! माझ्या दिवाणखान्यात चपला तरंगतायत!" बायकोने त्यांची क्षमा मागितली आणि फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर विजयी भाव होता.

"जमतंय!" ती कुजबुजली. "ऐका, आता मी काळजी देत राहते, तुम्ही करत राहा. पण माणसांना काही होईल असं मनात आणायचं नाही. जाईल ते आपलं जाऊ दे."

आणि मग त्या बाकावर जे सुरू झालं, त्याला तोड नाही! दिव्याकडे माझी नजर वळली रे वळली, की तिचा पाय ब्रेकवर!

"अहो, बसताना तुमची पँट मागे उसवल्यासारखी वाटली."

टर्रर्र!

"गॅलरीत वाळत टाकलेले कपडे वाऱ्याने..."

गेले! पुढचा आठवडाभर मी ऑफिसला एकाच शर्टात जात होतो.

"तुमचे केस अलीकडे फार विरळ दिसतात हो."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. केस हा माझा हळवा भाग. वडिलोपार्जित अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. हात परत आला तेव्हा मुठीत झुपका होता. दुसऱ्यांदा हात नेला, तेव्हा हाताला काही लागलंच नाही! समोरच्या काचेत बघितलं तर मानेवर एक उकडलेलं अंडं, आणि त्याला माझे डोळे! औषधांची ट्रॉली ढकलत एक सिस्टर माझ्यासमोरून गेली, तेव्हा मला केस होते. परत येताना तिने मला बघितलं आणि ट्रॉली भिंतीवर नेली.

"राहू दे," बायको माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "चांगलं दिसतंय." ती खोटं बोलत होती. मला तेही बरं वाटलं.

वेळ जात होता. लाल दिवा तसाच होता. आणि एकदम ऑपरेशनचं दार उघडलं. एक सिस्टर धावत बाहेर आली, आमच्याकडे न बघता समोरच्या खोलीत शिरली, हातात छोटी डबी घेऊन तशीच धावत परत निघाली.

मी उठून उभा राहिलो. "सिस्टर! काय झालं?"

"थांबा हो!" म्हणत ती आत गेली. दार बंद.

आता नळ आठवेना, कपडे आठवेनात. डोक्यात एकच शब्द तयार होऊ लागला. "बाबा..." मी म्हणालो.

बायकोने माझं कोपर घट्ट धरलं. ती इकडेतिकडे बघत होती, काहीतरी शोधत होती. मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. खाली उतारावर तिची गाडी उभी होती. डोक्यावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी असलेली, तिच्या स्वतःच्या कमाईची. त्या गाडीला ती रोज सकाळी मऊ फडक्याने पुसते. मला साधं दारही जोरात लावू देत नाही!

तिने गाडीची किल्ली मुठीत आवळली.

"अहो," तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. "मी गाडी उतारावर लावलीय."

"हो."

"हँडब्रेक ओढला की नाही, आठवत नाही."

"तू? तू विसरशील?"

"आज गडबडीत होते ना. खाली काही नाही, नुसती दगडी भिंत आहे. पण गाडी... आपली गाडी घसरली तर?"

तिची गाडी! मी खिडकीशी धावलो. गाडी हळूच हलली, कुणी हाक मारल्यासारखी. मग जोरात निघाली. मग धाडकन आवाज झाला. आत कुणी नव्हतं, आसपास कुणी नव्हतं. पण गाडीचं तोंड भिंतीत शिरलं होतं आणि डोक्यावरची पाटी उडून झाडात अडकली होती.

बायकोने खिडकीबाहेर बघितलं नाही. समोर बघत बसून राहिली. "पुढची काळजी," ती पुटपुटली. "पुढची..." पण पुढची सापडेना. नळ संपला, कपडे संपले, केस संपले, गाडी संपली. आम्हा मध्यमवर्गीय माणसांकडे गमवायला असतं ते किती!

आणि माझं मन पुन्हा त्या दाराकडे निघालं. मला ते थांबवता येईना. दार, दिवा, टेबल, बाबा. बाबांचं...

"मी तुम्हाला सोडून गेले तर?" बायको म्हणाली.

म्हणाली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडातून काय गेलं, हे तिला बोलल्यावर कळलं. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं वाजली. "नको! नको हो! चुकून बोलले! ते मनात आणू नका!"

मी मनात आणून पाहिलं. खरंच पाहिलं. ही बॅग भरून निघालीय, असं चित्र रंगवायला घेतलं. पण त्या चित्रात ती दारापर्यंत जायची आणि मागे वळून म्हणायची, "गॅस बंद केलात का?" काही केल्या ती पुढे जाईना! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी बसची काळजी केलीय, लिफ्टची केलीय, पायमोज्यांची केलीय, पण ही एक काळजी मला लग्नापासून कधी शिवलीच नाही.

मला हसू आलं. भर इस्पितळात, फाटकी पँट नि उघडं डोकं घेऊन मी मोठमोठ्याने हसायला लागलो.

"तू? तू कुठे जाणार आहेस!"

मी हसतोय, ती डोळे विस्फारून बघतेय, आणि तेवढ्यात लाल दिवा विझला. दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"झालं!" त्या म्हणाल्या. "झडप अगदी छान बसली. उत्तम झालं ऑपरेशन."

मी बाकावर कोसळलो. मग मी विचारलं, "आणि मघाशी त्या सिस्टर धावत गेल्या, त्या कशाला?"

"अहो, माझा चष्मा बाहेर राहिला होता. टाके घालायला लागतो मला."

बायकोने पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं. भिंतीत शिरलेल्या गाडीकडे. मग डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याकडे.

डॉक्टरीणबाई गेल्या. "आता," बायको म्हणाली, "डोकं ताळ्यावर ठेवून विचार करू. एवढी अफाट ताकद तुमच्याकडे आहे. पद्धतशीर वापरली तर जगातले रोग जातील, लढाया थांबतील, सगळं करता येईल! मी एकेक उलटी काळजी नीट तयार करून देते. तुम्ही घाई करू नका."

केवढी जबाबदारी! सगळ्या जगाचं भलं माझ्या एकट्याच्या डोक्यात! जपायला हवं या शक्तीला. आणि काही करायच्या आतच ही शक्ती निघून गेली तर?

'खट्' आवाज झाला. आतली कडी निघाली.

"अगं," मी म्हणालो.

"काय?"

"गेली."

तिने सगळं करून पाहिलं. पाणघोडा म्हणून पाहिलं, हत्ती म्हणून पाहिलं, बाक मोडला तर, छत पडलं तर. मी घाम फुटेस्तोवर काळजी केली. काही नाही! पुढे मी टोपीवाल्या मॅडमना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पुरावा मागितला. मी डोकं पुढे केलं. "टक्कल तर आमच्या ह्यांनाही पडलंय," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

इस्पितळातून निघेपर्यंत बायको माझ्याशी धड बोलली नाही. मला वाटलं, जगाचं भलं हुकलं म्हणून असेल. किंवा गाडीचं दुःख. तर शेवटी जिन्यात थांबून ती म्हणाली, "मी सोडून जाईन, याची तुम्हाला जरासुद्धा भीती वाटली नाही?"

"अजिबात नाही!" मी अभिमानाने म्हणालो.

"इतकी मी गृहीत?"

मी म्हटलं, अगं, भीती वाटली असती तर तू गेली असतीस. ती म्हणाली, तो प्रश्न वेगळा.

दुसऱ्या दिवशी बाबा पुरते शुद्धीवर आले, तेव्हा आम्हाला आत सोडलं. ते उशीवर टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. इस्पितळाच्या सुपाला नावं ठेवत होते, म्हणजे प्रकृती उत्तम! माझ्या डोक्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझा हात हातात घेतला. बाबांनी माझा हात असा कधी घेतला नव्हता.

"धसक्या," ते हळू आवाजात म्हणाले, "मी आत होतो, तेव्हा फार काळजी वाटली का रे तुला?"

काय सांगू, कुठून सुरुवात करू! मी बायकोकडे बघितलं, तिने सांभाळून घ्यावं म्हणून.

"नाही बाबा," बायको थंडपणे म्हणाली. "एकदाही केली नाही. मी शेजारीच बसले होते ना! शेवटी शेवटी तर हसत होते मोठ्याने."

बाबांनी हात सोडला.

सध्या बाबा आमच्याकडेच असतात. तब्येत खणखणीत आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "आमचा धसका लिफ्टची काळजी करील, वाळत टाकलेल्या मोज्यांची करील. पण बाप आत टेबलावर पडलेला असताना हा बाहेर हसत होता! विचारा सूनबाईला." सूनबाई मान डोलावते. दोघांचं आता मेतकूट जमलंय. जेवायलाही ती दोघं एका बाजूला बसतात आणि मी दुसऱ्या.

परवा जेवताना बाबांना जोरात ठसका लागला. म्हटलं, हीच संधी! ताटावरून तसाच उठलो, धावत गेलो, त्यांची पाठ चोळली आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणालो, "बाबा, जपा हो! मला तुमची फार काळजी वाटते!"

बाबांनी खोकला आवरला, डोळे पुसले आणि माझ्या पलीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, जरा पाणी दे. आणि याला म्हणावं, नाटकं पुरे."